माणशी एक हजार

पहाटे साडेपाच

ठोक व्यापाऱ्यांच्या साठ्याच्या याद्या रात्रीतून बदलतात, म्हणून माझं काम घरूनच आणि उजाडायच्या आत सुरू होतं. ओहायोच्या उत्तर भागात, लेक ईरीच्या जवळ, शिकार आणि नेमबाजीच्या सामानाचं एक छोटं दुकान आहे. तिथली खरेदी आणि साठा मी सांभाळते. दुकानाचा मागचा भाग घरी काडतुसं भरणाऱ्यांचा. एकदा उडवलेली पितळी पुंगळी इथे कोणी फेकत नाही. वापरलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बारीक वाटी, काढायचा, पुंगळी साच्यातून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. याला रिलोडिंग म्हणतात. बाप मुलाला शिकवतो, आजोबा नातीला शिकवतात, असा हा इथला छंद आहे.

आज यादीत लार्ज रायफल प्रायमर दिसले. मी आकडा टाकून बटण दाबेपर्यंत यादी पुन्हा कोरी. मग त्या व्यापाऱ्याच्या प्रतिनिधीचा निरोप आला: प्रायमरच्या दोन पेट्या देता येतील, पण सोबत अमुक इतक्या डॉलरचे चाकू आणि टोप्या घ्याव्या लागतील. मी भुसावळची. आमच्याकडे कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यासोबत नको ती औषधाची बाटली शेतकऱ्याच्या गळ्यात मारतात, त्याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात. सातासमुद्रापार हाच प्रकार याच रीतीने चालतो. टंचाई आली की माल ज्याच्या हातात त्याचा शब्द चालतो. मी चाकू नाकारले आणि एक पेटी मागितली. मिळेल न मिळेल, संध्याकाळी कळेल.

सकाळी आठ

पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. भाची सराव आटपून फोन करते. ती ५० मीटर रायफल खेळते. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हाच प्रकार आहे.

“आत्या, तिकडे तरी मिळतात का गं मॅचच्या गोळ्या?”

तिला लागतात त्या .२२ च्या. त्या पुन्हा भरता येत नाहीत, कारण स्फोटक पुंगळीच्या कडेतच असतं. शिवाय मापाला पक्क्या अशा चांगल्या गोळ्या इंग्लंडच्या इली किंवा जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि लापुआ अशा मोजक्याच कारखान्यांतून येतात. म्हणजे परदेशी चलन, आयातीचे कागद, परवाना. पात्रता फेरीच्या साठ गोळ्या झाडायच्या तर आधी त्याच्या कैक पटीने सरावाला झाडाव्या लागतात, आणि आमची पोर सरावात रिकामी रायफल धरून ट्रिगर दाबते, कारण प्रत्येक गोळी मोजलेली. इथून सामानात टाकून नेता येत नाहीत, दोन्ही देशांचे कायदे आड येतात, हे मी तिला पुन्हा सांगितलं. “माहितीये गं, नुसतं विचारलं,” म्हणाली. तिच्या त्या ‘नुसतं’चं मला वाईट वाटतं.

सव्वानऊ

दुकानाच्या मागच्या दाराशी ट्रक. प्रायमर आणि दारू धोकादायक माल म्हणून वेगळे येतात आणि प्रत्येक पार्सलमागे त्याचं वेगळं शुल्क लागतं. मोठं दुकान एका खेपेत पॅलेट भरून मागवतं, त्याला ते जाणवत नाही. आम्हाला पेटी-दोन पेट्या मिळतात, म्हणून तेच शुल्क थोड्या मालावर पडतं. भाव वाढतो तो असाही.

खोकी उघडून तारीख आणि लॉट क्रमांक लिहून घेते. प्रायमर आणि दारू वेगवेगळ्या कपाटांत. किती माल बाहेर मांडायचा आणि किती कपाटात ठेवायचा याचे अग्निसुरक्षेचे नियम आहेत. घरासाठीही आहेत: मूळ डब्यांत साधारण २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर, ही राष्ट्रीय संहितेतली मर्यादा. टंचाईच्या काळात किती घरांच्या तळघरांत ही मर्यादा ओलांडलेली असेल, याचा विचार आला की मला आग विझवायला जाणाऱ्या माणसांची काळजी वाटते.

दहा

दार उघडायच्या आत बाहेर सात-आठ माणसं उभी होती. नोव्हेंबर आहे. ओहायोत हरणांची बंदुकीची शिकार थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होते, त्याआधीचे हे आठवडे आमच्याकडे सर्वांत गर्दीचे. फळ्यावर मी लिहिलेलं आहे: प्रायमर माणशी एक हजार, दारू माणशी दोन पौंड, भाव आमच्या खरेदीवर नेहमीचा नफा धरून. शेवटचं वाक्य मालकांनी माझ्या आग्रहाखातर राहू दिलं.

प्रायमर म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर रुंदीची धातूची वाटी. आघात झाला की त्यातल्या चिमूटभर मिश्रणाची ठिणगी दारू पेटवते. गोळी घरी ओतता येते, पुंगळी जपून पुन्हा पुन्हा वापरता येते, पण हा भाग घरी करता येत नाही आणि कोणी करूही नये. त्यामुळे सगळा छंद या वाटीपाशी अडतो. २०२० च्या आधी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळत. टाळेबंदीच्या वर्षात बंदुकांसाठी एफबीआयकडे झालेल्या पार्श्वभूमी-तपासण्या जवळपास ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. नव्याने बंदूक घेतलेल्या प्रत्येकाला काडतुसं हवी होती. कारखान्यांनी प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसांत घातले आणि सुटे विकायला उरलेच नाहीत. तेव्हा लिलावात हजाराला दोनशे डॉलरही मोजले गेले. आता आमच्या फळीवर सत्तर ते नव्वदच्या दरम्यान आहेत. लोक याला ‘स्वस्ताई परत आली’ म्हणतात, इतकी सवय झाली.

अमेरिकी प्रायमरची चार मोठी नावं आहेत: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन, विंचेस्टर. गिऱ्हाइकाला वाटतं चार कंपन्या आहेत, कोणीतरी देईलच. पण रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिचा काडतुसांचा धंदा सीसीआय-फेडरलच्या मालकांनी घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही तिन्ही नावं चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्रागच्या उद्योगसमूहाकडे गेली, सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला. म्हणजे चार नावांमागे मालक दोनच. मी हे फळ्याशेजारी कागदावर लिहून चिकटवलंय, कारण चिडलेला माणूस काउंटरवरच्या बाईवर चिडतो. त्याने निदान वस्तुस्थिती वाचून चिडावं.

साडेअकरा

आमचे एक जुने गिऱ्हाईक आले. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे. त्यांची रायफल .४५-७० ची. हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतलं होतं. ओहायोने २०१४ पासून हरणांसाठी अशा सरळ भिंतीच्या पुंगळ्यांच्या रायफलींना परवानगी दिली, तेव्हापासून ते इथे पुन्हा चालू लागलं. वीस तयार काडतुसांचा डबा पन्नास डॉलरच्या पुढे जातो. हे गृहस्थ गोळ्या स्वतः ओततात. पूर्वी टायरच्या दुकानातून चाकाला लावायची शिशाची वजनं बादलीभर आणायचे. त्यात थोडं अँटिमनी असल्याने गोळी टणक व्हायची. आता वजनं लोखंडाची नाहीतर जस्ताची येतात.

“शिसं तरी कुठून आणायचं, सांगा तुम्ही,” म्हणाले.

त्यांना वाटतं, मिसूरीतला हर्क्युलेनियमचा शिशाच्या भट्टीचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला म्हणून हे सगळं. देशातली खनिजापासून शिसं काढणारी ती शेवटची मोठी भट्टी होती, हे खरं. पण गोळ्यांचं बहुतेक शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवून येतं. खरी अडचण अँटिमनीची आहे. ते शिशाला कडकपणा देतं, आणि त्याचं सल्फाइड प्रायमरच्या मिश्रणात पडतं. जगाचा मोठा पुरवठा चीनकडे. चीनने सप्टेंबर २०२४ पासून निर्यातीवर बंधनं आणली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला देणं बंदच केलं. त्या एका वर्षात भाव तिपटीहून वर गेला. आयडाहोत स्टिबनाइट नावाची जागा आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लागणारं बहुतेक अँटिमनी तिथून निघालं. ती खाण पुन्हा सुरू करायला २०२५ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, पण मंजुरीपासून धातूपर्यंत वर्षं जातात.

मग त्यांच्यासमोर कागदावर दारूचा हिशेब केला. एका पौंडात ७,००० ग्रेन. मध्यम रायफलीच्या काडतुसाला चाळीस ग्रेन धरले तर पौंडात पावणेदोनशे काडतुसं. २०१९ ला पौंड तिशीच्या आत होता, म्हणजे काडतुसामागे सोळा सेंटची दारू. आज चांगल्या दारूचा डबा पन्नासला टेकलाय, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंट. प्रायमर तीनवरून आठवर. तरीही .४५-७० घरी भरणं परवडतं. ९ मिलिमीटर पिस्तुलाचं किंवा १२ बोअरचं साधं काडतूस मात्र आता दुकानातून विकत घेणंच बरेचदा सरळ पडतं. हे मी नवख्यांना स्पष्ट सांगते. यंत्र विकण्यासाठी कोणाला बचतीची खोटी आशा लावणं मला जमत नाही.

दीड

डबा उघडला, पोळी-भाजी. मागच्या खोलीत बसून दारूच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार.

दारूचं दुखणं प्रायमरपेक्षा खोल आहे, आणि त्याचं मूळ आमच्या खानदेशातल्या बाईला लगेच समजेल असं आहे. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीवर आखूड लव उरते. ती खरवडून काढली की लिंटर मिळतं. त्यावर आम्लांची प्रक्रिया झाली की नायट्रोसेल्युलोज, आणि आजच्या प्रत्येक धूरविरहित दारूचा पाया तोच. मी लहानपणी जी सरकी म्हशींच्या घमेल्यात पाहिली, तिच्या लवेवाचून आज फिनलंडपासून फ्लोरिडापर्यंत कारखाने अडतात. लाकडाच्या लगद्यापासूनही ते बनतं, पण यंत्रणा बदलायला वेळ आणि पैसा लागतो. युरोपातले कारखाने लिंटरसाठी फार मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत.

त्यात फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं युद्ध. अमेरिकेत महिन्याला साधारण १४,००० तोफगोळे, १५५ मिलिमीटरचे, बनत. ते एक लाखावर न्यायचं लष्कराने ठरवलं. रायफलीची दारू ग्रेनमध्ये मोजतात, तोफेची किलोंमध्ये. नायट्रोसेल्युलोज दोघांना तेच लागतं, आणि आधी हक्क कोणाचा हे सांगायला नको. अलायंट कंपनीने २०२४ मध्ये याच टंचाईचं कारण देऊन दारूचा पुरवठा थांबवला. ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, खेळणारे म्हातारे तिच्या दारूवर आयुष्यभर भरत आले होते. ते रिकाम्या फळीकडे बघून परत जात. आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असलेली व्हार्गेट आणि एच-४३५० ही दारू ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनते, फिनलंडची विहताव्हुओरी २०२५ मध्ये नव्या आयातशुल्कासह येऊ लागली. गिऱ्हाइकाला डब्यावर कॅन्ससच्या हॉजडनचं नाव दिसतं. डबा किती समुद्र ओलांडून आला, ते दिसत नाही.

हॉजडनची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे उरलेली दारू ब्रूस हॉजडन यांनी घेतली आणि नेमबाजांना स्वस्तात विकली. त्या स्वस्त दारूवर अमेरिकेतला हा छंद वाढला. तेव्हा युद्धाने उरवलं ते काडतुसं भरणाऱ्यांच्या टेबलांवर आलं, आता युद्ध याच टेबलांवरून उचलून नेतंय. आणि हे बरोबरच आहे असं माझं मत आहे. घरावर क्षेपणास्त्र पडणाऱ्याची गरज आणि रविवारच्या सरावाची गरज एका तराजूत घालू नये. पण मग सरकारांनी आणि कारखान्यांनी खरं काय ते लोकांना सांगावं: ही दोन महिन्यांची अडचण नाही. ‘लवकरच पुरवठा सुरळीत होईल’ असं छापून लोकांना रांगेत उभं करू नये.

हे लिहिताना भंडारा आठवतं. तिथल्या आयुध निर्माणीत दारू बनवायचंच काम चालतं. जानेवारी २०२५ मधल्या स्फोटात तिथल्या कामगारांचे जीव गेले. आमच्या वरणगावच्या निर्माणीत काडतुसं बनतात, ओळखीच्या कित्येक घरांतली माणसं तिथे नोकरीला होती. दारू ‘महाग झाली’ म्हणताना ती बनवणारे हात मी विसरत नाही.

अडीच

एक तरुण माणूस आला. स्वतःचे हजार प्रायमर घेतले, मग मोटारीत बसलेली बायको आली, मग मेहुणा. तिघांचे पैसे एकाच कार्डातून. मी तिसऱ्याला नाही म्हटलं. त्याने भाव वाढवून द्यायची तयारी दाखवली. पुन्हा नाही. हे सामान तो संध्याकाळी लिलावात दीडपट किमतीला लावणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

सव्वातीन

एका बाईंनी दिवंगत वडिलांच्या तळघरातलं सामान आणलं. त्यात चिठ्ठी नसलेली दारूची बरणी. ती मी विकत घेत नाही, कोणाला वापरूही देत नाही. ओळख नसलेली दारू म्हणजे ओळख नसलेला दाब.

टंचाईत हा धोका सर्वांत वाढतो. हवी ती मिळाली नाही की माणूस नावाजवळची उचलतो. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० ही नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, पण दारू वेगळ्या, एकीचं माप दुसरीला चालत नाही. उलट एच-११० आणि विंचेस्टर-२९६ नावं वेगळी आणि दारू एकच. हे अंदाजाने कळत नाही, पुस्तकात बघावं लागतं. म्हणून दारूच्या प्रत्येक डब्यासोबत मी विचारते, “माप कोणत्या पुस्तकातलं?” काहींना राग येतो. राग परवडतो. फुटलेली रायफल आणि गेलेला डोळा परवडत नाही.

साडेचार

शाळेच्या क्ले टार्गेट संघाच्या प्रशिक्षक आल्या. ओहायोत शाळांचे असे संघ आहेत. उडत्या तबकड्यांवर मुलं-मुली नेम धरतात. एका फेरीत पंचवीस तबकड्या, म्हणजे पंचवीस काडतुसं. संध्याकाळी प्रत्येकाच्या दोन फेऱ्या धरल्या तर वीस मुलांचे हजार नग एका सरावात संपतात. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने पालकांना सांगितलेली फी आता पुरत नाही.

“दोन मुलींनी नाव काढून घेतलं,” त्या म्हणाल्या. “एकीचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे.”

मला भाची आठवली. पुण्यातली आणि ओहायोतली, दोघींच्या आड एकच गोष्ट उभी आहे. महागाई सगळ्यांना समान लागत नाही. ज्याच्या तळघरात दहा वर्षांचा साठा आहे त्याला ती वर्तमानपत्रातली बातमी वाटते. नुकत्याच शिकणाऱ्याला मात्र ती दारातूनच परत पाठवते. २०१२ च्या डिसेंबरनंतर, सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर कायदे कडक होतील या भीतीने लोकांनी .२२ च्या गोळ्या खोक्यांनी भरून ठेवल्या आणि पुढे दीर्घकाळ दुकानांत मुलांना शिकवायला डबा मिळेना. साठा करणारी ती माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. तरी नुकसान व्हायचं ते झालंच.

म्हणून शाळेच्या संघासाठी माल आम्ही बाजूला काढून ठेवतो. १२ बोअरची तयार काडतुसं दहा खोकी, खरेदीच्या भावात. मालकांनी यात नफा सोडला आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. उन्हाळ्यात कॅम्प पेरीला, १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात त्या मैदानावर, आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी ना कोणी उतरतं; त्यांनीही आपल्या सामानातून शाळेला छऱ्यांच्या पिशव्या दिल्यात. टंचाईत असंही घडतं आणि ते लिहून ठेवलं पाहिजे.

सहा

गल्ला, साठ्याची मोजणी, कपाटांना कुलपं. सकाळची पेटी मंजूर झाल्याचा निरोप आलाय, चाकूंशिवाय. पुढच्या आठवड्यात येईल. ती कोणासाठी राखून ठेवा म्हणणारे चार फोन आले. चौघांना रांगेत यायला सांगितलं.

रात्री नऊ

घरी माझं छोटं टेबल आहे. एनसीसीत .२२ रायफल हातात घेतली तेव्हापासून नेमाचं वेड आहे, आणि इथे येऊन भरायला शिकले. फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघायची. आज शिकारीसाठी वीस भरली, तेवढीच लागतात.

अमेरिकेत राहणारे पुष्कळ मराठी लोक आता रेंजवर दिसतात, काही भरायलाही लागलेत. त्यांना माझं सांगणं आहे. जुना भाव परत येणार नाही. त्याची वाट बघत बसू नका आणि घाबरून दहा वर्षांचं घेऊनही ठेवू नका. वर्षभर लागेल तेवढंच घ्या, मूळ डब्यांत ठेवा, पुस्तकाबाहेरचं माप वापरू नका. जवळच्या शाळेचा संघ असेल तर तुमच्या वाट्यातले शंभर प्रायमर किंवा एक खोकं काडतुसं तिथे नेऊन द्या. आणि दुकानदाराने माणशी एक हजार म्हटलं, तर दुसऱ्या हजारासाठी घरातल्या माणसाला रांगेत उभं करू नका.